मुकं अस्तर

त्रेसष्ट नंबरचा गिनीपिग न खोकताच मेला. आदल्या संध्याकाळी त्यानं दोन पायांवर उभं राहून जावेदचाचाच्या हातातली लसूणघासाची काडी ओढून घेतली होती. सकाळी चाचानं पिंजऱ्यात हात घातला तर अंग गार पडलेलं.

पुढच्या नऊ दिवसांत त्याच गटातले आणखी अठरा गेले. चोविसातले एकोणीस. एकालाही शिंक नाही, खोकला नाही, नाकाला पाणी नाही. जावेद शेख बावीस वर्षं प्रयोगशाळेचं प्राणिगृह सांभाळत होता. प्रत्येक प्राणी दिवसात किती वेळा खोकला, हे तो वहीत स्वतःच्या हातानं लिहून ठेवायचा.

"ताई, जनावर मरायच्या आधी काहीतरी सांगतं," तो म्हणाला. "ही सांगतच नाहीत."

शैलजा हालकुडेनं मेलेल्या प्राण्यांचा ट्रे त्याच्या हातून घेतला. लातूरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या खासगी प्रयोगशाळेत ती अठरा वर्षं एकच काम करत होती. प्राण्याची श्वासनलिका मेणाच्या ठोकळ्यात बसवायची, तिचे केसाहून पातळ काप काढायचे, त्यांना रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते लिहायचं. एक्केचाळीस वर्षांच्या शैलजानं आजवर लाखभर काप पाहिले असतील. त्या आठवड्यात तिनं जे पाहिलं, ते आधी कधीच पाहिलेलं नव्हतं.

नाकपुडीपासून फुप्फुसाच्या बारीक फांद्यांपर्यंत श्वासमार्गाला आतून पेशींचं एक नाजूक अस्तर असतं. त्यातल्या बहुतेक पेशींच्या डोक्यावर बारीक केस असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा, सगळे एकाच दिशेनं हलतात आणि आत शिरलेली धूळ, जंतू घशाकडे परत ढकलतात. मधेमधे चिकट द्राव करणाऱ्या पेशी असतात. सगळ्यांच्या पायाशी असतात तळपेशी. वरची पेशी मेली की त्या तिच्या जागी नवी घडवतात.

अ‍ॅलर्जी झाली की हे सगळं बिघडतं. इथल्या गिरण्यांत उडणाऱ्या सोयाबीनच्या धुराळ्यातली प्रथिनं अस्तराला इजा करतात, तेव्हा अस्तराच्या पेशी हाक मारतात, म्हणजे काही रसायनं बाहेर सोडतात. ती हाक ऐकून रक्तातल्या संरक्षक पेशी धावून येतात आणि सूज चढते. त्या गोंधळात तळपेशी केसाळ पेशी करायच्या सोडून द्रावाच्याच पेशी करत सुटतात. कफ साचतो, नळी आखडते, छाती घरघरते. यालाच आपण दमा म्हणतो.

एन-४१ हे नवं औषध ती हाकच बंद करत होतं. नाकात दिवसातून दोन फवारे मारले की पेशी रसायन बाहेर सोडेनाशी व्हायची. हाक नाही, म्हणून सूज नाही, घरघर नाही आणि खोकलाही नाही. धुराळ्याच्या पेटीत सहा महिने काढलेले गिनीपिग इतके टुणटुणीत होते की औषध कंपनीनं तोच अहवाल पुढं पाठवला आणि मंजुरी मिळवली. बारा महिन्यांचा गट नियमासाठी चालू ठेवलेला होता.

त्या गटाच्या कापांत केसच नव्हते. अस्तराच्या जागी, गालाच्या आत असते तशी सपाट, जाड कातडी. शैलजानं एकामागून एक काच लावली आणि तिच्या लक्षात आलं की ती हाक फक्त सूज आणण्यासाठी नसते. तळपेशींना दुरुस्तीसाठी उठवणारी हाकही तीच. धुराळ्याची इजा रोज चालूच होती, फक्त तिची बातमी पोचणं बंद झालं होतं. शेवटी सर्दीचा एक साधा जंतू त्या खोलीत आला आणि त्याला हाकलून लावायला कुणीच जागं नव्हतं.

अभ्यासाचे प्रमुख डॉ. पुष्कर टिळेकर. कधी आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी शैलजाला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"प्राणिगृहात संसर्ग शिरला. जावेदची स्वच्छता नीट नव्हती," ते म्हणाले. "हा गट आपण रद्द धरतोय."

"सर, तिन्ही गट एकाच खोलीत होते. साध्या हवेतला एकही मेला नाही. नुसता धुराळा घेणाऱ्यांतला एक मेला. फवारा घेणाऱ्यांतले एकोणीस."

"म्हणूनच रद्द. आकडे विस्कटलेत."

"काप स्पष्ट आहेत, सर."

"मेलेल्या प्राण्याची ऊती सडते, हे खोटं आहे का? काप वाचण्याजोगे नाहीत, एवढंच लिहा."

"पाच जिवंत होते. त्यांना मारल्यावर नलिका मी स्वतः पाच मिनिटांच्या आत जतनाच्या द्रावणात टाकल्यात."

टिळेकरांनी समोरच्या एका फायलीवर हात ठेवला. शैलजाची नोकरी दरवर्षी नव्या करारावर चालायची आणि ती फाईल त्या कराराची होती. ते तिच्याविषयी काहीच बोलले नाहीत. चहा घ्या, म्हणाले.

तिनं सही केली. चौदा नोव्हेंबर दोन हजार एक्केचाळीस. 'नमुने योग्य रीतीने जतन न झाल्याने वाचता आले नाहीत.' त्याच आठवड्यात जावेदचाचाला निष्काळजीपणाचा ठपका ठेवून घरी पाठवण्यात आलं. तो गेटमधून बाहेर पडला तेव्हा शैलजा खिडकीपासून मागं सरकली.

घरी ती आणि तिची थोरली बहीण महानंदा, दोघीच. महानंदाचा नवरा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी अपघातात गेला, शैलजानं लग्न केलं नाही. महानंदा सतराव्या वर्षापासून आधी डाळीच्या, मग सोयाबीनच्या गिरणीत राबली आणि तिच्या मजुरीवर शैलजाचं शिक्षण झालं. गिरणीत चाळण नावाचा विभाग होता. तिथं सोयाबीन चाळून त्याची साल काढत. समोरच्या बाईचा चेहरा दिसू नये इतका धुराळा. महानंदाचा दमा तिथलाच.

सहा वर्षांपूर्वी गिरणीतल्या बायका चाळीस दिवस गेटवर बसल्या होत्या. तेव्हा एक गोष्ट पदरात पडली: धुराळ्याची अ‍ॅलर्जी तपासणीत सिद्ध झाली की त्या बाईला काचेआडच्या पॅकिंग विभागात काम द्यायचं. धुराळा ओढून घेणारी यंत्रणा बसवण्याचंही गिरणीनं कबूल केलं होतं. महानंदा तेव्हापासून पॅकिंगला होती. घरघर पूर्ण गेली नव्हती, पण जगता येत होतं.

डिसेंबरमध्ये गिरणीचं परिपत्रक निघालं. मंजूर झालेला फवारा घेणारा कामगार 'संरक्षित' समजला जाईल. महानंदाची आणि आणखी चाळीस जणींची पुन्हा चाळणीवर रवानगी झाली. प्रत्येकीच्या हातात निळी बाटली, तिच्यावर 'अनुश्वास' असं नाव. धुराळा ओढणाऱ्या यंत्रणेचं काम रद्द झालं. आता तिची गरजच काय, असं व्यवस्थापक म्हणाला.

शैलजानं बाटली उलटी करून घटक वाचले, त्यात एन-४१ पाहिलं आणि बाटली परत ठेवून दिली.

खरं सांगायचं तर महानंदा त्या बाटलीवर खूश होती. पंधरा दिवसांत ती न थांबता गच्चीवर चढायला लागली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःच्या हातानं उखळात शेंगदाण्याची चटणी कुटली. कुटता कुटता बोलतही होती.

"ज्यानं हे औषध काढलं, तो देवमाणूस असंल गं, शैला. छातीवरनं पाटा उचलल्यावानी झालंय."

शैलजानं भाकरी मोडून चटणीला लावली आणि खाल्ली. संसर्गच असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. टिळेकर इतके शिकलेले, त्यांना कळत असेल. शिवाय माणूस म्हणजे काही गिनीपिग नव्हे. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. बहीण जिना चढत होती आणि धाकटी गप्प होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात महानंदा कामावरून आली आणि चप्पल न काढता उंबऱ्यावरच बसली.

"शेवंता गेली."

शेवंता सूर्यवंशी महानंदाच्या शेजारच्या चाळणीवर असायची. दोघी एकाच डब्यात जेवत.

"कशानं?" शैलजानं विचारलं.

"दोन दिवस ताप. काल कामाला आल्ती की. खोकली बी नाही एकदा. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणला, दोन्ही फुप्फुसं भरल्यात, ही बाई चालत आली कशी?"

शैलजाच्या हाताखालची भाकरी तव्यावर काळी पडली. तिनं गॅस बंद केला.

"अक्का, तो फवारा आजपासून बंद कर."

"का?"

"मी सांगतेय म्हणून."

"तू सांगायलीस म्हणून? आठ वर्षं मी भिंत धरून चाललेय, शैला. तुला ती घरघर ऐकू यायची का नाही?"

"आमच्याकडं गिनीपिगांवर हेच औषध बारा महिने चालवलं. चोविसातले एकोणीस मेले. न खोकता."

"मला उंदरांचं सांगू नको."

"गिनीपिग."

"तेच ते." महानंदा उठली. "मी चाळण सोडली तर मला घरी बसवतील. पॅकिंगला आता परत कोण घेतंय? तू पुस्तकातलं बोलायलीस. मला श्वास यायलाय, तेवढं मला कळतं."

तिनं शैलजासमोरच बाटली काढली आणि दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला. शैलजाला त्या क्षणी बहिणीचा राग आला आणि मग तो राग खरा कुणावर आहे, हे कळलं. चार महिने ती स्वतःच त्या बाटलीला राखण बसली होती.

रविवारी दुपारी तिनं माळ्यावरून एक जुना सूक्ष्मदर्शक उतरवला. तिच्या कॉलेजनं कधीकाळी भंगारात काढलेला, तिनं दुरुस्त करून ठेवलेला. नाकातल्या पेशी घेण्याचे बारीक ब्रश तिच्याकडं होते. आधी तिनं ब्रश स्वतःच्या नाकात फिरवला. डोळ्यांतून पाणी आलं. कोमट मिठाच्या पाण्याच्या थेंबात ब्रश झटकला, वर काचेचा तुकडा ठेवला आणि महानंदाला बोलावलं.

"नुसतं बघ. मी काही बोलत नाही."

महानंदानं एक डोळा मिटला. बराच वेळ काही दिसेना, मग तिचा हात टेबलावर थबकला.

"हलायलंय की गं. वाऱ्यानं ज्वारी हलावी तसं."

"माझ्या नाकातलं आहे ते. आता तुझं घेऊ."

दुसऱ्या थेंबात पेशी भरपूर होत्या. फरशीच्या तुकड्यांसारख्या, सपाट. काहीच हलत नव्हतं. महानंदानं चाक पुढंमागं फिरवलं, काच सरकवली.

"काच बदललीस तू."

"तूच घे ब्रश. तूच लाव."

महानंदानं स्वतः ब्रश फिरवला, स्वतः थेंब ठेवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग ती सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली आणि पदरानं नाक पुसलं.

"शेवंताचं असंच झालं असंल?"

"असंच."

"हे तुला कधीपासून माहीत हाय?"

शैलजाला खोटं बोलता आलं असतं. "नोव्हेंबरपासून," ती म्हणाली. मग सहीचंही सांगितलं. कागदावर काय लिहिलं होतं, ते शब्दन् शब्द सांगितलं.

महानंदा उठून बाहेरच्या खोलीत गेली. तीन दिवस ती धाकट्या बहिणीशी बोलली नाही. फवाऱ्याची बाटली तिनं फोडली नाही की फेकली नाही, फक्त मारायची बंद केली. चौथ्या दिवशी सकाळी केस विंचरताना आरशातच बघत तिनं विचारलं, "ते ब्रश किती हायेत तुझ्याकडं?"

त्या आठवड्यात चाळणीवरच्या उरलेल्या एकोणचाळीस बायका पाळीनंतर सहा-सहाच्या गटानं हालकुडेंच्या घरी आल्या. प्रत्येकीनं नाकात ब्रश घेतला, शिंकली, डोळे पुसले आणि मग स्वतः बघितलं. शैलजानं कुणालाही नुसता निकाल सांगितला नाही. छत्तीस जणींच्या थेंबात काहीच हलत नव्हतं. गिनीपिगांना बारा महिने लागले होते; वर्षानुवर्षं धुराळा खाल्लेल्या या अस्तरांना तीन महिने पुरले. पॅकिंगमधल्या, फवारा न घेणाऱ्या नऊ जणी आल्या. त्यांच्यापैकी एकीचंही थांबलेलं नव्हतं. एक म्हातारी बाई सूक्ष्मदर्शकावरून उठली आणि म्हणाली, "आमच्या छातीत घंटा वाजायची ती ह्यांनी कापून टाकली, आणि आम्ही पेढे वाटले."

प्रयोगशाळेतले मेणाचे ठोकळे नियमानं दहा वर्षं शैलजाच्याच ताब्यात असायचे. त्या जिवंत पाच प्राण्यांचे काप तिनं नव्यानं काढले. एक गोष्ट मात्र तिच्याकडं नव्हती. ती आणायला ती जावेदचाचाच्या घरी गेली.

चाचा अंगणात शेळीला पाला घालत होता. त्यानं तिला खुर्ची दिली नाही.

"तुम्ही आलात, बरं झालं," तो म्हणाला. "पण चार महिन्यांनी आलात. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे, जावेदनं घाण ठेवली म्हणून जनावरं मेली. माझ्या नातवाला शाळेत चिडवतात."

"चुकलं माझं, चाचा."

"चुकलं नाही, ताई. चुकणं वेगळं. तुम्ही केलं."

तो आत गेला आणि वही घेऊन आला. "घरी पाठवलं त्या दिवशी ही पिशवीत टाकून आणली," तो म्हणाला. बारा महिन्यांची रोजची नोंद, प्रत्येक प्राण्याच्या नंबरापुढं खोकल्याचा आकडा. फवारा घेणाऱ्या गटापुढं पान भरून शून्यं. संसर्ग आला त्या दहा दिवसांतही शून्यंच.

बायकांच्या तक्रारीवर कामगार सुरक्षा विभागाच्या जिल्हा कार्यालयात एप्रिलमध्ये सुनावणी झाली. एका बाजूला महानंदा आणि पाच बायका, दुसऱ्या बाजूला गिरणीचा व्यवस्थापक, औषध कंपनीचा वकील आणि डॉ. टिळेकर. शैलजानं काप आणले होते, वही आणली होती, सूक्ष्मदर्शक आणला होता. ती बोलायला लागली तोच वकिलानं एक कागद पुढं सरकवला.

"साहेब, या बाईंनी स्वतः लिहून दिलंय की काप वाचण्याजोगे नव्हते. ही त्यांची सही. आज त्यांना ते वाचता यायला लागले. कारण त्यांची बहीण समोर बसली आहे."

अधिकाऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. "ही सही तुमची?"

"माझी."

"मग?"

"खोटी आहे. मी खोटं लिहून दिलं. त्याची जी शिक्षा असेल ती लिहा, मी नाही म्हणणार नाही. पण ठोकळे माझ्या सहीनं तयार झालेले नाहीत, ते प्राण्यांचे आहेत. दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत कापा. आणि आत्ता इथं बघा."

टिळेकर शांतपणे म्हणाले, "शैलजा मॅडम भावनेच्या भरात आहेत. प्राण्यांतला निष्कर्ष थेट माणसाला लावता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे."

शैलजानं हातातली काच खाली ठेवली. ती त्यांच्याकडं वळली.

"सर, सहा महिन्यांचा निष्कर्ष तुम्ही प्राण्यांतूनच माणसाला लावलात ना? जगले ते माणसासारखे आणि मेले ते गिनीपिग? अठरा वर्षं मी तुमच्यासाठी कापत आलेय. एवढं एक मला समजावून सांगा."

टिळेकर कागद चाळत राहिले. महानंदा उठली. तिनं टेबलावरचा ब्रश उचलला, सगळ्यांसमोर नाकात फिरवला आणि थेंबात झटकला. "बघा साहेब," ती म्हणाली. "एक महिना झाला मी बाटली सोडून. अजून हलंना." अधिकारी खुर्चीतून उठला आणि वाकला. आधी शैलजाचा थेंब पाहिला, मग महानंदाचा, मग पुन्हा शैलजाचा. उठल्यावर त्यानं वकिलाला विचारलं, "तुम्ही बघणार?" वकील म्हणाला, त्याला त्यातलं काही कळत नाही.

तीन आठवड्यांनी आदेश आला. गिरण्यांमध्ये फवारा बंद. धुराळा ओढणारी यंत्रणा बसेपर्यंत चाळण बंद, बायकांना पॅकिंगला घ्यायचं. बारा महिन्यांचा अभ्यास दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करायचा. जावेद शेख यांच्यावरचा ठपका रद्द; त्याला परत बोलावलं गेलं, तो गेला नाही. खोटी नोंद केल्याबद्दल शैलजा हालकुडेला पाच वर्षं कुठल्याही प्रयोगशाळेत काम करायला मनाई. टिळेकरांच्या वागण्याला आदेशात 'निरीक्षणांबाबत मतभिन्नता' असं नाव होतं आणि त्यांची हैदराबादच्या मोठ्या शाखेत बदली झाली. शेवटच्या पानावर एक वाक्य होतं: 'एका महिला कामगाराच्या मृत्यूचा या औषधाशी संबंध सिद्ध झालेला नाही.'

त्या संध्याकाळी चाळणीवरच्या बायका घरी येऊन गेल्या. कुणी शैलजाच्या पाठीवर हात ठेवला, कुणी नुसती मान हलवली. त्या गेल्यावर महानंदानं दोघींची ताटं वाढली. तिची छाती परत घरघरायला लागली होती. नवे केस येतील का, हे शैलजालाही सांगता येत नव्हतं. तळपेशी किती उरल्यात, त्यावर ते होतं.

"शैला," महानंदा म्हणाली, "एक विचारते. सही केलीस तवा मी पॅकिंगला होते. ती बाटली माझ्या हातात येणार, हे तुला ठाऊक नव्हतं."

"नव्हतं."

"ठाऊक असतं तर केली असतीस?"

"नाही, अक्का. कधीच नसती केली."

"म्हणजे दुसरी कुणी असती तर चाललं असतं."

शैलजानं घास ताटात परत ठेवला.

"आणि नंतर मला बाटली दिली तवाबी तू गप्प बसलीस. शेवंता मेली तवा उठलीस, कारण पुढचा नंबर माझा होता. मी हे रागानं बोलत नाही. राग होता, तो हापिसात संपला. तुला शिकवण्यासाठी मी बावीस वर्षं धुराळा खाल्ला, त्याचंबी मला काही नाही. पण शेवंताला बहीण नव्हती तुझ्यासारखी, एवढं ध्यानात ठेव." तिनं भाजीचं पातेलं पुढं सरकवलं. "जेव आता."

दुसऱ्या दिवशी शैलजा शेवंताच्या घरी गेली. तिचा नवरा भारत सूर्यवंशी दारातच शिलाई मशीनवर बसला होता. तिनं आपलं नाव सांगितल्यावर त्यानं मशीन थांबवलं. सही, तारीख, काप, सगळं तिनं उभ्यानंच सांगितलं.

"नोव्हेंबरच्या चौदाला," तो म्हणाला. "आणि हिला चाळणीवर पाठवलं डिसेंबरात."

"हो."

"तुम्ही खरं लिहिलं असतं, तर हा फवारा थांबला असता?"

"थांबला असता. निदान बारा महिन्यांचा तपास झाला असता."

त्यानं कपडा मशीनखालून ओढून काढला. "आदेश वाचला मी. त्यात 'एक महिला कामगार' लिहिलंय. तिथं असं कुणी म्हटलं?"

"मीच. माझ्या निवेदनात."

"का?"

शैलजाला अहवालात असंच लिहायची सवय होती, एवढंच होतं ते.

"सबंध सुनावणीत तिचं नाव कुणी घेतलं नाही," भारत म्हणाला. "तिच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीसुद्धा. मला तुमची माफी नको, ताई. माफी घेऊन मी काय करू? तिचं नाव त्या कागदावर घालून आणा."

सकाळी कार्यालय उघडायच्या आधी शैलजा पायरीवर उभी होती. आदेशावर पुनर्विचाराचा अर्ज एका छापील नमुन्यात भरायचा होता. मृताचे नाव, या रकान्यात तिनं लिहिलं: शेवंता भारत सूर्यवंशी. वय सदतीस. चाळण विभाग. मृत्यूचे कारण, इथं तिनं अस्तराचं जे झालं असणार ते साध्या चार ओळींत लिहिलं, सोबत सुनावणीत दाखल झालेल्या कापांचे क्रमांक दिले आणि दवाखान्यातल्या नोंदी मागवाव्यात, अशी विनंती केली. त्याखाली एक रकाना होता, अर्जदाराचे मृताशी नाते. तोही तिनं भरला.

खिडकीमागच्या कारकुनानं अर्ज वाचत वाचत बोट तिथं आणलं आणि थांबला.

"हे काय लिहिलंय? 'मृत्यूस कारण झालेल्या खोट्या नोंदीवर सही करणारी.' बाई, इथं पती, मुलगा, बहीण असं लिहायचं असतं. असलं नातं नसतं."

"असतं," शैलजा म्हणाली. "शिक्का मारा."